इलेक्ट्रॉनची साक्ष

तुमच्या गावात बौद्धवाडा कोणत्या दिशेला आहे? आणि हे सांगायला तुम्हाला विचार करावा लागला का?

मला कधीच लागला नाही. आमचा पूर्वेला. श्रीरामपूरहून येणारी एसटी गावाच्या पश्चिमेला फाट्यावर थांबते. तिथून शाळा, ग्रामपंचायत, मारुतीचं देऊळ, पिठाची गिरणी असं सगळं गाव ओलांडून गेलं की ओढा लागतो आणि ओढ्यापलीकडे आमची घरं. चौथीत असताना गुरुजींनी गावाचा नकाशा काढायला सांगितला होता. सगळ्यांनी देवळापासून सुरुवात केली म्हणून मीही केली. गल्ल्या, वडाचा पार, सोसायटीचं गोदाम काढत काढत उजवीकडे सरकले आणि ओढ्यापाशी कागद संपला. आमचं घर बसलंच नाही. गुरुजींनी "छान" असा शेरा दिला.

घरी वडिलांनी तो नकाशा बराच वेळ पाहिला. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. ते म्हणाले, "कागद उलटा कर. आता आपल्या घरापासनं काढ."

"मग देऊळ बसणार नाही."

"न्हाई बसलं तर न्हाई बसलं. त्याचं काय अडलंय?"

तेव्हाच मी त्यांना विचारलं, की आपण पूर्वेला का. नानांनी सांगितलं, आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. गावावरून गेलेला वारा आपल्यावरून गेला तर चालतं. आपल्यावरून गेलेला वारा गावावरून जायला नको. म्हणून जुन्या लोकांनी आपल्याला पूर्वेला ठेवलं. हे त्यांनी रागाने सांगितलं नाही. एखाद्या कामाची पद्धत समजावून द्यावी तसं सांगितलं. राग मला आला, आणि तो अजून आहे.

नाना श्रीरामपूरला एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवायचे. उलट्या अक्षराचा एकेक शिशाचा खिळा उचलून ओळ भरायची, ओळींचं पान करायचं, पान लोखंडी चौकटीत आवळायचं, की मग पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवर छपाई. लग्नपत्रिका, पावत्या, यात्रेची पत्रकं ही पोटाची कामं. सुट्टीच्या दिवशी मालकाच्या परवानगीने ते आमच्या वाड्यातल्या वाचनमंडळाची पत्रकं छापायचे. आठ पानी, बारा पानी, पातळ कागदाची. माझं वाचन त्या पत्रकांवरच झालं. इतर मुली गोष्टीची पुस्तकं वाचायच्या तेव्हा मी "जाहीर सवाल" आणि "बंधूंनो, विचार करा" वाचत होते. शाळेच्या निबंधातसुद्धा मी माझ्या आवडत्या प्राण्याला हक्क मागायला लावलं होतं.

त्या पत्रकांबाबत नानांचा एकच नियम होता. छापलेलं परत घ्यायची पाळी येता कामा नये. "बोललेलं माणूस फिरवतं," ते म्हणायचे, "छापलेलं फिरत न्हाई. आन् आपलं चुकलं तर लोक एकाचं चुकलं म्हनत न्हाईत, ह्यांचं सगळंच असलं म्हनतात." या नियमापायी ते प्रत्येक मजकूर मंडळात वाचून दाखवायचे आणि एखाद्या गोष्टीची खात्री नसली तर ती काढून टाकायचे.

मी पदार्थविज्ञान घेतलं आणि एम.एस्सी.साठी नगरला वसतिगृहात राहू लागले. तिथे पहिल्याच वर्षी वर्गात एक गोष्ट ऐकली आणि माझा हात लिहिता लिहिता थांबला. पुंजयामिकी, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स, शिकवणारे सर सांगत होते, की मोकळ्या अवकाशाला स्वतःची अशी दिशा नसते. समजा एक बंद खोली आहे. बाहेरचं काही आत येत नाही, पृथ्वीची ओढसुद्धा नाही. खोलीत टेबलावर एक प्रयोग मांडलेला आहे. टेबल आहे तसं सगळंच्या सगळं फिरवा, पूर्वेकडचं तोंड उत्तरेकडे करा. प्रयोगाचं उत्तर बदलणार नाही. नुसतं फिरवणंच नव्हे. खोली एकसारख्या वेगाने चालली असेल तरीही आतलं उत्तर तेच राहील. अवकाश आणि काळ मिळून जे काही आहे त्यात कोणतीही दिशा, कोणताही असा वेग, खास नाही. याला म्हणतात अवकाशकाळाची सममिती. प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने पळणाऱ्या इलेक्ट्रॉनचं समीकरण या सममितीच्या पायावर उभं आहे. पाया काढला तर समीकरणच उरत नाही.

मला वाटलं, हे कुणी आमच्या गावात का सांगितलं नाही.

शनिवारी घरी गेल्यावर मी नाना आणि आई दोघांना बसवून हे सांगितलं. नाना ऐकत राहिले. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मंजी कुठलीच दिशा वरची न्हाई."

"कुठलीच नाही."

"मग नळाचं पानी आपल्याकडं सगळ्यात शेवटी का येतं, ते तुज्या इज्ञानाला इचारून ये."

नाना हसले, पण त्यांच्या डोक्यात ती गोष्ट शिरली होती. दुसऱ्या वर्षी, जयंती जवळ आली तेव्हा, ते म्हणाले की यंदाचं पत्रक तू लिही. घरातल्या कुणी लिहिलेलं ते पहिलंच पत्रक असणार होतं. मी शाळेतल्या नकाशापासून सुरुवात केली आणि भौतिकशास्त्रापर्यंत आणून सोडली. त्यातलं एक वाक्य मंडळाला इतकं आवडलं, की ते मुखपृष्ठावर मोठ्या टायपात घ्यायचं ठरलं: "विश्वात कोणतीही दिशा उच्च नाही, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे." मंडळाचे अध्यक्ष म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका. त्यांनी ते वाक्य पाठच केलं. श्रीरामपूर स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ऐकवत. जयंतीच्या सभेतही ते वाक्य तेच वाचणार होते.

नानांनी मुखपृष्ठाचं प्रूफ काढून माझ्याकडे दिलं. मी ते नगरला नेलं आणि सरांना दाखवलं. का दाखवलं? त्यांनी शिकवलेलं मी कुठे नेलं ते त्यांना दिसावं म्हणून. आणि खरं सांगायचं तर थोडं टोचावं म्हणूनही. सरांच्या घरात पिढ्यानपिढ्या भिक्षुकी आणि शिक्षकी चालत आली होती, आणि हे ते स्वतःच वर्गात सांगत.

त्यांनी प्रूफ सावकाश वाचलं. खिशातलं पेन काढलं आणि "सिद्ध" या शब्दाखाली एक बारीक रेघ ओढली.

"हे नाही म्हणता येणार," ते म्हणाले.

"का नाही, सर? तुम्हीच सांगितलंत."

"मी सांगितलं ते आपण गृहीत धरतो. आजवर जितकं मोजलं त्यात ते खरं निघालंय. सिद्ध वेगळं."

मला तेव्हा ही केवळ काटछाट वाटली. मी म्हणाले, "सर, एक विचारू? तुम्ही सकाळी पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य देता."

"देतो."

"म्हणजे पूर्व पवित्र."

"असं मानतात."

"मग आमची घरं पूर्वेला का?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "वाऱ्यामुळे." आणि प्रूफ माझ्याकडे सरकवत, "माझ्या आजोळच्या गावीसुद्धा तसंच आहे. मला हे दोन्ही एकत्र कधी सुचलं नव्हतं." त्यांनी टेबलाचा खण उघडला, पुण्याहून झेरॉक्स करून आणलेला एक शोधनिबंध काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "तुमच्या सेमिनारला हा विषय घ्या. वाचा आणि मग ठरवा. माझं ऐकू नका."

निबंध पिशवीत कोंबून मी बाहेर पडले. त्या शनिवारी घरी जाऊन मी नानांना रेघेची हकीकत सांगितली. दोघंही मनसोक्त चिडलो. "टोचणारच त्यांना," नाना म्हणाले. "रेघ मारली मंजी वाक्य बराब्बर लागलंय."

निबंधाचा विषय असा होता: अवकाशकाळाची सममिती जर किंचित मोडलेली असेल, तर इलेक्ट्रॉनसारखे कण वेगळे कसे वागतील? तो समजायला मला बरेच दिवस लागले. जे समजलं ते मी इथे आमच्या जयंतीच्या मैदानाच्या भाषेत सांगते, कारण मला ते तसंच समजलं.

सभेआधीचं मोकळं मैदान घ्या. चारी बाजूंनी सारखं. त्याला पुढची बाजू नाही, मागची नाही. लोक येऊ लागतात. पहिलं कुणीतरी सहज कुठल्यातरी बाजूला तोंड करून बसतं. दुसरा त्याच्याशेजारी बसतो, तिसरा मागे, आणि बघता बघता सगळ्या मैदानाला एक तोंड येतं, रांगा पडतात. मैदानाचा नियम बदललेला नाही. लोक दुसरीकडे तोंड करूनही बसू शकले असते. पण आता बसलेत असे. उशिरा येणाऱ्या माणसाला रांगेच्या बाजूने चालणं सोपं जातं. रांगा ओलांडून जायचं तर पाय अडखळतात. तो माणूस जर कालच जन्माला आलेला असेल तर त्याला वाटेल, की मैदानच असं आहे.

निबंध लिहिणाऱ्यांची शंका नेमकी हीच होती. आपण ज्याला रिकामी जागा म्हणतो ती विश्वाच्या सुरुवातीला अशीच कुठल्यातरी एका बाजूला तोंड करून बसली असेल तर? मूळ नियम सगळ्या दिशांना सारखे असतील, पण प्रत्यक्ष पोकळीत एक पुसट रांग पडलेली असेल. ती रांग दिसणार नाही. पण तिच्यातून चालणाऱ्या कणाला ती जाणवेल.

कशी जाणवेल? इलेक्ट्रॉनला एक अंगभूत फिरकी असते. तिला दिशा असते, लहानशा बाणासारखी. पोकळी एकसारखी असेल तर बाण कुठेही वळला तरी इलेक्ट्रॉनची ऊर्जा तीच. पोकळीत रांग असेल तर समीकरणात एक छोटं पद वाढतं. मग बाण रांगेच्या दिशेने असताना ऊर्जा एक आणि उलटा असताना किंचित वेगळी. इलेक्ट्रॉनचा जो प्रतिकण असतो, तितक्याच वस्तुमानाचा पण उलट विद्युतभाराचा, त्याच्यावर हा परिणाम वेगळाच होऊ शकतो, म्हणजे हे जुळे एकसारखे राहत नाहीत. खूप वेगाने जाणाऱ्या कणाचा वेग आणि ऊर्जा यांचं नातंही तो कोणत्या दिशेला चाललाय यावर थोडं अवलंबून राहील. हे फरक इतके बारीक, की आजवरच्या मोजमापात ते निसटून जाऊ शकतात.

मग शोधायचे कसे? प्रयोगशाळा फिरवून. आणि ती फिरवायला काही करावंच लागत नाही, पृथ्वीच ती फिरवते. टेबलावर ठेवलेला बाण सकाळी आकाशातल्या एका दिशेला असतो आणि संध्याकाळी दुसऱ्या. पोकळीत रांग असेल तर मोजलेली ऊर्जा पृथ्वीच्या फेऱ्याबरोबर हळूच कमीजास्त होईल. तीही सूर्याच्या दिवसाप्रमाणे नाही, ताऱ्यांच्या दिवसाप्रमाणे, जो थोडासा लहान असतो. सूर्याच्या तालावर कमीजास्त झालं तर ती दुपारची उष्णता असेल. ताऱ्यांच्या तालावर झालं तर ते दूरच्या कशाचं तरी काम. जगात काही प्रयोगशाळांत लोक हेच मोजत बसलेत असं निबंधात होतं. अजून कुणाला काही सापडलेलं नव्हतं. पण ते मोजत होते.

म्हणजे सरांची रेघ बरोबर होती. हे मला वसतिगृहाच्या गच्चीवर, दोरीवर वाळत घातलेल्या चादरींच्या सावलीत बसून कळलं, आणि अजिबात आवडलं नाही. तरीही मी प्रूफ बदलायचं ठरवलं नाही. मनात म्हटलं, बहुधा खरंच आहे ना? बहुधा खऱ्याला सिद्ध म्हटलं तर कुणाचं काय बिघडतं?

उत्तर सेमिनारमध्ये मिळालं. मी फळ्यावर समीकरण मांडलं, वाढीव पद खडूने गोल केलं, बाणाची दोन चित्रं काढली. शेवटी सर म्हणाले, की सममिती मोडण्याला घाबरू नका, जगात जे जे घडताना दिसतं त्यातलं बरंचसं कुठली ना कुठली सममिती मोडल्यामुळे दिसतं. मागच्या बाकावर एक वर्गमित्र होता, नगरच्या बाजारपेठेतला, तसा हसरा-खेळकर, मला रोज नोट्स मागणारा. तो म्हणाला, "म्हणजे सर, सगळं सारखं झालं तर जगच बंद पडेल."

"एका अर्थाने," सर म्हणाले.

"मग समता समता म्हणून मोर्चे काढतात ते कशाला? निसर्गालाच ती झेपत नाही. असं या मॅडमचं समीकरणच म्हणतंय."

वर्ग हसला. त्यात फार विष नव्हतं, आणि त्यामुळेच ते लागलं. मी म्हणाले, "इलेक्ट्रॉनने तुला असं खाजगीत सांगितलं वाटतं."

"तुझ्याच फळ्यावर लिहिलंय की."

पुढचं वाक्य माझ्या ओठावर तयार होतं. विश्वात कोणतीही दिशा उच्च नाही, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. ते मी बोलले नाही. बोलायला तोंड उघडलं आणि दिसलं, की तो ज्या दारातून आत आला त्याच दारातून मीही आत शिरायला निघाले आहे. त्याने इलेक्ट्रॉनला उतरंडीचा साक्षीदार केलं होतं. मी त्याच इलेक्ट्रॉनला समतेचा साक्षीदार करून मुखपृष्ठावर बसवलं होतं. इलेक्ट्रॉनला दोघांनीही विचारलेलं नव्हतं. आणि साक्षीदार उद्या फिरला तर?

सर त्या मुलाला म्हणाले, "समीकरणात जे घातलेलंच नाही ते त्यातून काढू नका." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती.

जयंती दोन दिवसांवर आली होती. रविवारी मी राहुरीमार्गे श्रीरामपूरला उतरले आणि घरी न जाता थेट छापखान्यात गेले. बाकी छापखाना बंद होता. नाना खिडकीजवळ एकटेच काम करत होते. आतली पानं छापून, घड्या घालून ठेवलेली होती. मुखपृष्ठ चौकटीत आवळून टेबलावर तयार होतं. शाई लावायची तेवढी बाकी.

"बरं झालं आलीस," नाना म्हणाले. "तुज्या हातानं पहिला कागद काढ."

"नाना, मोठी ओळ काढावी लागेल."

त्यांनी हातातली चिंधी खाली ठेवली. "का?"

"सिद्ध झालेलं नाही ते."

"त्यो रेघवाला मास्तर म्हनला म्हून?"

"त्यांच्यासाठी नाही काढत."

"तू कशासाठी काढतीस ते तुला ठावं. दिसनार काय? त्यानं रेघ मारली आन् माज्या पोरीनं ओळ काढली."

"कुणाला दिसणार? फक्त आपल्याला माहीत आहे."

"मला माहीत हाय, त्येवढं बास न्हाई का?"

मी खिळ्यांच्या पेटीतून एक "ग" उचलला. लहानपणापासून मी हे उलटे खिळे पाहत आलेय. नाना तर ते सुलट्या अक्षरांइतक्याच वेगाने वाचत. मी म्हणाले, "नाना, आरशात दिसतं ते सगळं निसर्गातही तसंच घडू शकतं, असं शास्त्रज्ञ कित्येक वर्षं मानत होते. डावं-उजवं निसर्गाला सारखंच. इतकं उघड, की कुणी मोजायला गेलंच नाही."

"मग?"

"मग काहींनी मोजलं. काही अणू फुटताना त्यांच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. ते अणू एका दिशेने फिरत ठेवले तर इलेक्ट्रॉन एका बाजूला जास्त पडतात. आरशात दिसतं तसं उलट कधी घडतच नाही. हा उलटा ग निसर्गाच्या पेटीत नाहीच म्हणा."

नानांनी माझ्या हातातला खिळा घेतला, निरखला, पेटीत त्याच्या खणात टाकला. "आन् तुज्या दिशेचं बी उद्या तसंच निघालं तर?"

"बहुधा नाही निघणार. पण लोक मोजतायत. निघालं, तर गावातलं कुणीतरी आपलं पत्रक हातात धरून येईल. म्हणेल, तुम्हीच विज्ञानावर सोडलं होतं ना, आता विज्ञान म्हणतं एक दिशा खास असते. मग आपण काय करायचं? गप पूर्वेला बसायचं?"

"तवा बी न्हाई बसायचं." ते पटकन म्हणाले. म्हणाले आणि थांबले.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मंजी त्यो इलेक्ट्रॉन काय बी म्हनू दे," नाना सावकाश म्हणाले, "आपलं मागनं त्येच हाय."

"तेच आहे."

"मग त्येला मधी घ्यायचा कशाला." त्यांनी चौकटीची चावी उचलली. इतक्या वर्षांत कामावर असताना त्यांचा उसासा मी पहिल्यांदाच ऐकला. "पन ओळ झ्याक हुती."

"होती."

"काका तर पाठ करून बसलेत. त्यांना तू सांग. मी न्हाई सांगनार."

चौकट ढिली केली. मोठ्या टायपाची ओळ त्यांनी एकेक अक्षर करत उचलली. आता त्या रिकाम्या जागेत काय घालायचं? मी वहीत लिहून आणलेलं वाचून दाखवलं: दिशा निसर्गाने वाटलेल्या नाहीत, त्या माणसांनी वाटल्या, गावाची मांडणी हा नियम नसून नियमांत बसू शकणाऱ्या अनेक मांडण्यांपैकी एक आहे, आणि म्हणून...

"थांब," नाना म्हणाले. "जागा येवढी हाय." त्यांनी दोन बोटांनी दाखवली. "हे घालायचं तर मलाच भाईर उभं ऱ्हावं लागंल."

आम्ही पुष्कळ वेळ खटपट केली. त्यांना जोरदार हवं होतं आणि मला खरं. शेवटी मी वैतागून म्हणाले, की मला सांगायचं एवढंच आहे, आपला वाडा पूर्वेला ठेवला कुणी?

नानांनी बोटाने जागा मोजली. "बसतंय."

"हा प्रश्न झाला. वाक्य नाही."

"मग काय झालं? ह्येच्यात परत घ्यायसारखं काय हाय का?"

नव्हतं. त्यांनी ओळ जुळवली: "आपला बौद्धवाडा पूर्वेला कुणी ठेवला?" मोठ्या टायपातला "द्ध" छापखान्यात एकच होता. तो त्यांनी काढलेल्या ओळीतून घेतला आणि इथे बसवला. मी म्हटलं, ठेवला तेव्हा बौद्धवाडा नव्हता. ते म्हणाले, "आत्ता हाय. वाचनारे आत्ताचे हायेत." पहिला कागद मीच काढला. शाई थोडी जास्त झाली होती.

काकांना सांगायला मी गेले. त्यांना वाईट वाटलं, ते लपवणारे नव्हते. "मी आख्ख्या स्टेशनला ऐकवलंय, पोरी. आता त्या लोकांना काय सांगू, विज्ञान रद्द झालं?" मी त्यांना मैदान आणि रांगांची गोष्ट सांगितली. ती त्यांना आवडली. जयंतीच्या संध्याकाळी सभेत त्यांनी मुखपृष्ठावरचा प्रश्न वाचला आणि मग, कुणी न सांगता, समोर बसलेल्या सगळ्यांना म्हणाले, "जरा उठा. आता ओढ्याकडं तोंड करून बसा." लोक कुरकुरत, हसत, पोरांना ओढत उठले आणि उलटे बसले. मंच मागे राहिला. काका माईकची वायर ओढत दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथून बोलू लागले. माझी आई, जी आधी सगळ्यात मागे होती, ती आता पहिल्या रांगेत आली होती. ती शेजारणीला म्हणाली, "नळाचं बी असंच करा म्हनावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना मला ग्रामपंचायतीपाशी घेऊन गेले. भिंतीवर आम्ही एक मुखपृष्ठ चिकटवलं होतं. त्याच्याखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, "वाऱ्याने."

मी तो कागद काढायला हात पुढे केला. नानांनी अडवला. "आजवर इतकी पत्रकं लावली," ते म्हणाले, "फाडली, शेन मारलं. उत्तर कुनी दिलं न्हवतं." त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि छापल्यासारख्या नीट अक्षरात खाली लिहिलं, "वारा पश्चिमेकडून येतो, मान्य. वाऱ्याच्या कोणत्या अंगाला कुणी राहायचं, हेही वाऱ्यानेच सांगितलं का?"

या प्रश्नाला आमच्या गावात अजून उत्तर आलेलं नाही. इलेक्ट्रॉनची मोजमापं अजून चालू आहेत, आणि मी वाचलं तेवढ्यात तरी कुणाला रांग सापडल्याचं दिसलं नाही. सापडली तर मी ती आनंदाने शिकेन आणि शिकवेन. आमच्या मागणीत त्याने एका अक्षराचाही फरक पडणार नाही.

तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. आमच्या मुखपृष्ठावरचा प्रश्न तुमच्या गावात मोठ्याने विचारा. पारावर, शाळेत, ग्रामसभेत, लग्नाच्या पंगतीत, जिथे चार माणसं बसलेली असतील तिथे. निसर्गाने, वाऱ्याने, पाण्याने, पूर्वीपासून, असं काहीही उत्तर आलं तरी ते खोडू नका, फाडू नका. त्याच्याखाली नीट अक्षरात पुढचा प्रश्न लिहा.